दुसरे नाना नकोत : इंदूरच्या एका संस्थेतली वित्त व प्रशासन अधिकाऱ्याची निवड

संस्था मध्यम आकाराची. कार्यालय इंदूरला सुदामा नगरात, काम झाबुआ, अलीराजपूर आणि धार जिल्ह्यातल्या कुक्षीच्या बाजूला. तलाव-विहिरींची कामं, बायकांचे बचत गट, कोंबडीपालन, मजुरीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी वसतिगृहाला थोडीफार मदत. पैसा चार वाटांनी येतो: परदेशी देणगी, पीथमपूरच्या एका कारखान्याचा सीएसआर (कंपनीने सामाजिक कामाला द्यायचा) निधी, एक सरकारी योजना आणि गावातल्या लोकांच्या देणग्या. चारही वाटांचे नियम वेगळे, वर्षअखेरीचे कागद वेगळे.

हा सगळा डोलारा बरीच वर्षं एकाच माणसाने सांभाळला. सगळे त्यांना नाना म्हणत. जानेवारी २०२४ मध्ये नानांनी सांगितलं की मार्चअखेरचे हिशेब लावून आपण थांबणार, मुलाकडे पुण्याला जाणार. संस्थेच्या सचिव, म्हणजे ताई, त्या दिवशी कुणाशी धड बोलल्या नाहीत म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यकारिणीला एक ओळीचा निरोप धाडला : नानांसारखा माणूस शोधा.

मी या संस्थेचा कुणी नाही. अशा संस्थांचे हिशेब बघण्यात वर्षं गेल्यामुळे निवड समितीवर बाहेरचा माणूस म्हणून मला बोलावलं होतं. संस्थेची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिली जाहिरात

मला बोलावण्यापूर्वीच एक जाहिरात देऊन झाली होती. हिंदी वर्तमानपत्रात, छोट्या जाहिरातींच्या रकान्यात : अनुभवी अकाउंटंट हवा, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आवश्यक, पगार १८,०००. अर्ज ढिगाने आले. सियागंजातल्या घाऊक दुकानांतून, कापड बाजारातल्या पेढ्यांवरून, जीएसटीची विवरणपत्रं भरून देणाऱ्यांच्या कार्यालयांतून. माणसं कामाची होती, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दुकानाचा हिशेब नफ्यापाशी येऊन थांबतो. इथे ज्याचा पैसा त्याच्याच कामाला लागला का, हे दरवेळी वेगवेगळ्या मालकांना दाखवावं लागतं. ‘एका देणगीदाराची शिल्लक दुसऱ्याच्या कामाला वापरता येईल का?’ या प्रश्नावर बहुतेकांनी सहज उत्तर दिलं, ‘हाँ, बाद में एडजस्ट कर देंगे.’

जाहिरात बाजूला ठेवली. नाना नेमकं काय काय करतात ते आधी कागदावर उतरवायचं ठरलं. कोषाध्यक्ष आणि मी त्यांच्या टेबलापाशी बसलो. कोषाध्यक्ष स्टेट बँक ऑफ इंदूरचे जुने अधिकारी. ती बँक २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, त्यानंतर काही वर्षांनी ते निवृत्त झाले. बँकेची शिस्त अंगात मुरलेली.

नानांच्या टेबलाच्या उजव्या हाताच्या खणात एक खाकी पाकीट होतं. त्यात ताईंच्या आणि अध्यक्षांच्या सह्या केलेले कोरे चेक. पाकिटाखाली ताईंच्या डिजिटल सहीचं टोकन, पॅन कार्डाच्या झेरॉक्सला रबर बँडने बांधलेलं. आणि बटणांचा एक जुना मोबाइल : बँकेचे ओटीपी त्याच्यावर येत. म्हणजे कोटेशन मागवणारे नाना, खरेदी ठरवणारे नाना, चेक लिहिणारे नाना, रोकड सांभाळणारे नाना आणि महिनाअखेर बँकेचा ताळमेळ लावणारेही नानाच.

नानांनी एक पैसा इकडचा तिकडे केला नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. पण केला असता तर कुणाला कळलं असतं का, याचं उत्तर कोषाध्यक्षांपाशीही नव्हतं. ‘बँकेत असं पाकीट सापडलं असतं तर मी त्याच दिवशी सस्पेन्ड झालो असतो,’ एवढंच ते म्हणाले. नाना हसले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण ताई महिन्यातले निम्मे दिवस झाबुआकडे आणि अध्यक्षांचं वय झालेलं. काम अडू नये म्हणून ते पाकीट जन्माला आलं होतं.

शोधाची दिशा तिथेच बदलली. दुसरे नाना मिळाले असते, तरी ते घ्यायचे नव्हते. रोकड आणि पेटी कॅश कार्यालयातल्या एका कनिष्ठ सहायकाकडे गेली. कोरे चेक त्याच दिवशी रद्द केले. ओटीपी सही करणाऱ्यांच्याच फोनवर येतील अशी व्यवस्था झाली. टोकन ताईंच्या पर्समध्ये गेलं. यानंतर जे उरलं ते नव्या अधिकाऱ्याचं काम : अंदाजपत्रक, निधीवार हिशेब, कायद्याची विवरणपत्रं, कर्मचाऱ्यांचे कागद, खरेदीचे नियम, आणि नियमात न बसणाऱ्या खर्चाला लेखी नकार.

नाकापेक्षा मोती

पगारावर सगळ्यात जास्त खल झाला. कोषाध्यक्षांनी ३५,००० सुचवले. ताई म्हणाल्या, ‘अहो, आमच्या झाबुआच्या समन्वयकाला २४,००० मिळतात. नाकापेक्षा मोती जड होतो हा.’

त्यांचा राग नुसता भावनेचा नव्हता. परदेशी अंशदान कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि त्या पैशातून प्रशासकीय खर्च किती करायचा याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हिशेब ठेवणाऱ्याचा पगार हा नियमाने प्रशासकीय खर्चच. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्यातून वगळता येतो, हिशेबनिसाचा नाही. समजा वर्षाला ६० लाख परदेशातून आले, तर प्रशासनाला जास्तीत जास्त १२ लाख. त्यातच कार्यालयाचं भाडं, वीज, ऑडिटची फी आणि ताईंचं मानधन. ३५,००० म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, वर भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा. सगळा भार एकाच खात्यावर टाकला तर बाकी कशाला हातच लावता येणार नाही.

पण भार एका खात्यावर टाकायचा कशाला? अधिकाऱ्याचा वेळ चारही निधींवर जातो, तर पगारही वेळेच्या नोंदीप्रमाणे चारही निधींवर वाटायला हवा. इथे एक गैरसमज आडवा आला. कारखान्याच्या सीएसआर विभागाने पूर्वी कधीतरी तोंडी सांगितलं होतं, ‘ओव्हरहेड पाच टक्क्यांच्या वर चालणार नाही.’ २०२१च्या सुधारित सीएसआर नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे खरी; पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर केलेल्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेचा हिशेबनीस त्या पाचात येत नाही. कंपनीला स्वतःची वेगळी अट घालायचा अधिकार आहेच, पण मग ती करारात लिहिलेली हवी. करार काढून वाचला. त्यात अशी अट नव्हती. संस्था दोन वर्षं उगाच पदरमोड करत होती.

शेवटी ३२,००० ठरले. जाहिरातीत ‘हातात किती आणि कापले जाणार किती’ हे दोन्ही आकडे छापले. इंदूरमध्ये मुलाखतीला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत ‘इन हँड कितना?’ विचारतो. सीटीसीच्या (सगळी कपात आणि मालकाचा वाटा धरून सांगितलेल्या पगाराच्या) गोल आकड्याने आपण त्याला फसवतो आणि तो तीन महिन्यांत सोडून जातो.

दुसरी जाहिरात विकासक्षेत्राच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर, सीए मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आणि ओळखीच्या संस्थांत फिरली. अर्ज थोडे आले, पण वाचावेसे आले.

त्यांत एक अर्ज कार्यकारिणीतल्या एका सदस्यांच्या भाच्याचा. राजेंद्र नगरातलं घर, देवी अहिल्या विद्यापीठाचा बी.कॉम., मुलगा सालस. लगेच फोन सुरू झाले : आपल्यातला मुलगा आहे, घरचाच आहे, विश्वासाचा प्रश्नच नाही. इंदूरच्या मराठी मंडळींत हे ‘आपल्यातला’ फार गोड आणि फार अवघड प्रकरण आहे. मी एवढंच सांगितलं की संस्था चालवणाऱ्यांच्या नातलगाला दिलेला पगार आयकर खातं वेगळ्या नजरेने बघतं. तो वाजवीपेक्षा जास्त वाटला तर करसवलतच धोक्यात येते. अर्ज मात्र नाकारला नाही. मामांनी निवडीच्या कोणत्याही बैठकीला यायचं नाही आणि भाच्याने सगळ्यांसारखी चाचणी द्यायची, असं ठरलं. मामा रुसले. मुलगा आला, चाचणी दिली. सगळी बिलं टॅलीत बिनचूक चढवली आणि एकाही बिलावर शंका काढली नाही.

पाच कागद

या निवडीत पुन्हा कुणाला वापरावीशी वाटेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही चाचणी. लेखी प्रश्नपत्रिका नव्हती. संस्थेच्याच जुन्या फायलींतून पाच कागद काढले, नावं झाकली, आणि तासाभराचा वेळ देऊन सांगितलं : हे कागद झाबुआहून आले आहेत. काय कराल ते सचिवांना हिंदीत, मराठीत, इंग्रजीत, हव्या त्या भाषेत एका पानात कळवा.

पहिला कागद विहीर खोल करणाऱ्या ठेकेदाराचं १,४०,००० रुपयांचं बिल, टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर) न कापता चुकतं केलेलं. दुसरा, प्रशिक्षणाच्या जेवणाचं ६० ताटांचं बिल, सोबत ४१ सह्यांचा हजेरीपट. तिसरा, परदेशी निधीतून घेतलेला आणि सीएसआरच्या कामाला वापरलेला लॅपटॉप. चौथा, शेजारच्या एका छोट्या संस्थेला परदेशी खात्यातून ५०,००० पाठवायची विनंती. असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला २०२०च्या दुरुस्तीने पूर्ण बंदी आहे.

पाचवा कागद मुद्दाम शेवटी ठेवला होता. गटातल्या बायकांसाठी कडकनाथची पिल्लं. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि संस्थेच्या कोंबडीपालनाचा भर तिच्यावरच. पिल्लं एका गावातल्या बाईकडून घेतली, २४,००० रुपयांची. पावत्या तीन, सलग तीन दिवसांच्या, प्रत्येकी ८,०००, खाली अंगठा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर आयकराच्या लेखी तो खर्च धर्मादाय कामावरचा धरला जात नाही. त्या हिशेबाने तिन्ही पावत्या नियमात चोख बसतात. नेमकं तेच खटकायला हवं.

पीथमपूरच्या एका कारखान्यात काम करणारा सीए-इंटर (सीएची मधली परीक्षा पास झालेला) मुलगा सगळ्यांत झपाट्याने लिहून मोकळा झाला. ठेकेदाराचा टीडीएस त्याने लगेच पकडला. कर कापला नाही तर बिलाचे ३० टक्के, म्हणजे ४२,००० रुपये, खर्चात धरले जाणार नाहीत, हेही मांडलं. कोषाध्यक्ष खुलले. पाचव्या कागदावर मात्र त्याने एकच शब्द लिहिला होता : रिजेक्ट. मग त्या बाईला पैसे कसे द्यायचे, असं विचारलं. ‘जीएसटी बिल मँगवाइए,’ तो म्हणाला. कोंबड्या पाळणाऱ्या भिल्ल बाईकडून.

दुसरा उमेदवार भोपाळच्या एका मोठ्या संस्थेतून आलेला. भाषा सफाईदार, एफसीआरएची, म्हणजे परदेशी अंशदान कायद्याची, कलमं तोंडपाठ. निधी वळवण्याची बंदी, दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं अनिवार्य खातं, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं वार्षिक विवरण, सगळं ठाऊक. ताई मनातल्या मनात त्याला टेबल देऊन बसल्या होत्या. तीन पावत्यांवर त्याने लिहिलं : ‘ठीक आहेत, पिल्लं मिळाल्याची नोंदही तीन तारखांची करून घ्यावी.’

तिसरी धारकडची. एम.कॉम., दूध उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेत हिशेबाचं काम केलेली. तासाभरात तिचे तीनच कागद झाले. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने ऑडिटचा कुठला नमुना भरायचा, १०बी की १०बीबी, हे तिला सांगता आलं नाही. पण हजेरीपटावरच्या सह्या तिने पेन्सिलीने मोजल्या होत्या, आणि पाचव्या कागदाला तिचं निम्मं पान गेलं होतं. मजकूर असा : तिन्ही पावत्यांचा अंगठा एकाच बैठकीत उमटवलेला दिसतो, शाई पहिल्यावर गडद, तिसऱ्यावर फिकी. पिल्लं एका दिवसात आली की तीन, हे गटाच्या रजिस्टरवरून कळेल, ते मागवावं. पैसे खरंच दिले असतील तर खरी तारीख लिहून पावती एकच करावी, आयकरात खर्च धरला गेला नाही तरी चालेल. पुढच्या वेळी गटाच्या बँक खात्यात पैसे टाकावेत आणि गटाने पिल्लं घ्यावीत, कारण गटाला पासबुक आहे. शेवटी एक प्रश्न : कृषी विज्ञान केंद्राकडून पिल्लं का घेतली नाहीत, पावती मिळाली असती?

मला आवडलं ते ‘तरी चालेल’. २४,००० चा खर्च नामंजूर होण्याचा तोटा किती आणि खोट्या तारखेचा किती, हा सौदा तिला कुणी शिकवलेला नव्हता.

घासाघीस

समिती तीन तोंडांना गेली. ताईंना भोपाळवाला हवा होता : ‘दिल्लीहून पत्र आलं तर उत्तर कोण देणार?’ कोषाध्यक्षांना सीए-इंटर. माझं मत धारवालीकडे. मत मांडून प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून दोन गोष्टी केल्या.

एक, संदर्भासाठी दिलेल्या माणसांना प्रत्यक्ष फोन. ‘माणूस कसा आहे?’ विचारलं की सगळेच ‘बहुत अच्छा’ म्हणतात. त्यातून काही हाती लागत नाही. म्हणून एकच प्रश्न विचारला : याने किंवा हिने तुमचं एखादं पेमेंट कधी अडवलं होतं का? भोपाळचे साहेब आठवून म्हणाले, नाही, कधीच त्रास दिला नाही. दूध संस्थेचे जुने व्यवस्थापक मात्र एकदम तापले. डिझेलच्या बिलावर गाडीचा नंबर नाही म्हणून हिने दोन आठवडे चेक अडवला होता, अध्यक्षांचा फोन आला तरी! रागाने सांगितलेला तो किस्सा तिच्यासाठी सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र ठरला.

दुसरं, सीए-इंटर आणि धारवाली, दोघांनाही गंगवाल बस स्टँडवरून झाबुआच्या गाडीत बसवलं आणि तिथल्या कार्यालयात दिवसभर ठेवलं. कार्यकर्त्यांची इंदूरवर एकच तक्रार होती : बिलं परत येतात, कारण कळत नाही. मुलाने त्यांना नियम समजावले, बरोबरच समजावले. तिने त्यांच्या पिशव्या पाहिल्या. पावसाळ्यात भिजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या पावत्या. कार्बन उमटलेलाच नाही अशी पावतीपुस्तकं. परत आल्यावर तिने मागितलं ते प्लास्टिकच्या पाकिटांचं एक पुडकं, आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची मुभा.

कोषाध्यक्ष वळले. ताई अर्ध्याच वळल्या. त्यांची शंका रास्त होती, तिला कायद्याची खोली नव्हती. त्यावर तोड निघाली ती अशी : वर्षभर दर महिन्याला अर्धा दिवस एक सीए येऊन तिच्यासोबत बसेल, त्याची फी पगारातल्या वाचलेल्या पैशांतून. भोपाळवाल्याने मागितलेला पगार तिच्यापेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे हिशेब जुळला. सहा महिने परिविक्षा. नाना मार्चअखेरनंतरही काही आठवडे येतील, पण त्यांचं टेबल बदलेल. हे शेवटचं कलम किरकोळ वाटतं, पण जुना माणूस जुन्या खुर्चीत बसला की गावाकडचे सगळे फोन त्यालाच येत राहतात.

एप्रिलमध्ये ती रुजू झाली. ३१ मेच्या आत टीडीएसची चौथ्या तिमाहीची विवरणपत्रं आणि देणगीदारांची माहिती देणारा १०बीडी नमुना गेला. नानांनी आदल्या वर्षीची पोच छापून फाइलला लावून ठेवली होती, त्यामुळे फार धावपळ झाली नाही.

त्याच महिन्यात ठिणगी पडली. सीएसआरचा हप्ता लांबला आणि त्या प्रकल्पातल्या कार्यकर्त्यांचे पगार अडले. परदेशी खात्यात पैसे पडून होते. ताईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं, तिथून द्या, हप्ता आला की परत भरू. नानांच्या काळात हे झालं असतं आणि जूनमध्ये निस्तरलंही असतं. तिने चेक लिहिला नाही. एका पानाची टिपणी लिहिली : परदेशी निधी ज्या कामासाठी आला त्या कामाबाहेर, तात्पुरताही, वापरता येत नाही. नंतर तो परत भरायचा म्हणजे स्थानिक पैसा परदेशी खात्यात मिसळायचा, तेही चालत नाही. स्थानिक देणग्यांच्या खात्यातून ७० टक्के पगार आज देता येतो, उरलेला हप्ता आल्यावर. कार्यकारिणीचा ठराव सोबत जोडला आहे, सही करावी.

ताईंनी दोन दिवस ती टिपणी तशीच ठेवली. झाबुआच्या मुलांचे फोन येत होते, आणि ते तिच्याकडे नव्हे, ताईंकडे येत होते. तिसऱ्या दिवशी सही झाली. उरलेला पगार जून उजाडल्यावर गेला. त्या महिन्याभरात कार्यालयात तिच्याशी मोकळेपणाने बोलणारा एकटा तो रोकड सांभाळणारा सहायक होता.

परिविक्षा संपली, ती कायम झाली. पगाराच्या वाटणीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. कारखान्याला पाठवलेल्या नव्या प्रस्तावात तिच्या पगाराचा चौथा हिस्सा धरला होता. तिथून मसुदा परत आला तेव्हा नेमक्या त्याच ओळीवर लाल रेघ होती, शेजारी शेरा : प्रकल्प खर्च नाही. तिने २०२१चे नियम आणि कंपनी मंत्रालयाचा खुलासा जोडून उत्तर तयार केलं आहे. ते पाठवायचं की कारखान्याला न दुखवता ओळ गाळायची, हे कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ठरेल. मामाही त्या बैठकीला येणार आहेत.